जुन्या वाइनचा लाल रंग मूळचा नसतो

2021 च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डझनभर तज्ज्ञ चाखायला बसले. समोर पेत्र्यूस, पोमरोल भागातली नामांकित लाल वाइन, 2000 सालच्या द्राक्षांची. एका ग्लासातली वाइन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात चौदा महिने राहून आलेली, दुसऱ्यातली तेवढाच काळ पृथ्वीवर थांबलेली. एकूण बारा बाटल्या वर गेल्या होत्या. चाखणाऱ्यांपैकी एका पत्रकार बाईंना अवकाशातली वाइन वर्ष-दोन वर्षांनी पुढे गेल्यासारखी वाटली. लगेच जगभर मथळे झळकले: अवकाशात वाइन लवकर मुरते!

ती बातमी वाचल्यापासून मला एकच प्रश्न छळतोय. ‘पुढे गेली’ म्हणजे नेमकं काय झालं? यीस्ट केव्हाच संपलंय, बूच घट्ट आहे, बाटली अंधारात आडवी पडलीय. मग आत मुरतं ते काय?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘जुनं ते सोनं’ हे वाइनच्या बाबतीत फार थोड्या बाटल्यांना लागू पडतं. जगात बनणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असते. ती दहा वर्षं ठेवली तर फक्त म्हातारी होते. बोर्दोच्या उत्तम लाल वाइनची गोष्ट वेगळी. बोर्दोच्या मेदोक भागातल्या गोटाळ, रेताड जमिनीत वाढणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचे मणी लहान, सालं जाड. सोबतीला मर्लो, काबर्ने फ्रां, थोडं पती व्हेर्दो. आंबवताना रस सालांवर आणि बियांवर बराच काळ ठेवतात आणि नंतर 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत साधारण दीड वर्ष. सालांतून रंग उतरतो, सालांतून आणि बियांतून तुरटपणा देणारं टॅनिन. हा साठा असेल तरच पुढची वीस-तीस वर्षं घडायला काही उरतं.

पांढऱ्या कागदावर दोन ग्लास तिरपे धरून बघा. दोन वर्षांची वाइन कडेपर्यंत गडद जांभळट दिसते. पंचवीस वर्षांची मध्यभागी माणकासारखी, आणि कडेला जिथे थर पातळ होतो तिथे विटकरी, जवळजवळ नारिंगी. बघणारा म्हणतो, रंग उतरला. पण मूळ रंग पहिल्या काही वर्षांतच जवळपास संपलेला असतो. पंचवीस वर्षांनी जो लाल दिसतो तो बाटलीत नव्याने तयार झालेला रंग आहे. मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

शाळेत जास्वंदीच्या पाकळ्या उकळून दर्शक केला होता, तो आठवा. आम्लात गुलाबी-लाल, अल्कात हिरवा. तो खेळ ज्या रंगद्रव्यांचा, तीच अँथोसायनिनं काळ्या द्राक्षाच्या सालात असतात. त्यातलं मुख्य द्रव्य माल्व्हिडिन ग्लुकोसाइड. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असला की तो लाल दिसतो. पण वाइनचा सामू साधारण साडेतीन. एवढ्या आम्लतेत पाण्याचे रेणू त्याला चिकटतात आणि तो रंगहीन होतो. एकट्यादुकट्या अँथोसायनिनच्या दहा रेणूंपैकी जेमतेम एक-दोन कोणत्याही क्षणी लाल असतात. त्यात वाइन टिकावी म्हणून घातलेलं सल्फाइट त्याच रेणूवर दुसऱ्या जागी हल्ला करतं आणि उरलेला रंगही घालवतं. इतकं नाजूक द्रव्य पंचवीस वर्षं टिकणार कसं? टिकत नाहीच. ते दुसऱ्या रेणूंशी जोडलं जातं.

एक जोडणी अशी. आंबवण्याच्या काळात यीस्टने थोडं पायरुव्हिक आम्ल मागे सोडलेलं असतं. ते अँथोसायनिनला जाऊन भिडतं आणि रेणूवर एक नवं कडं तयार होतं. हे कडं बसतं नेमकं त्याच कार्बनवर, जिथे सल्फाइटचा घाव पडायचा. दार कायमचं बंद! पाण्यालाही आता तो रेणू सहजासहजी रंगहीन करता येत नाही. या नव्या कुळाला पायरानोअँथोसायनिन म्हणतात. ते मूळ द्रव्यापेक्षा किंचित कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतं, म्हणून डोळ्यांना जांभळ्याऐवजी नारिंगीकडे झुकलेला लाल दिसतो. ग्लासाच्या कडेचा विटकरी रंग तिथून येतो.

दुसऱ्या जोडणीसाठी ऑक्सिजन लागतो. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने शास्त्रज्ञ लुई पाश्चरला वाइन का बिघडते हे शोधायला सांगितलं. पाश्चरने 1866 मध्ये निष्कर्ष छापले. काचेच्या नळ्यांत हवेशिवाय बंद केलेली वाइन जवळपास तशीच राहिली. थोडी हवा असलेल्या नळीत रंग बदलला, गाळ बसला. हवा वाइनची शत्रू आहे आणि तीच वाइन घडवते, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं.

आता थोडं रसायनशास्त्र, नेटाने वाचा. ऑक्सिजन वाइनमधल्या अल्कोहोलशी थेट भांडत नाही. मध्ये दलाल लागतो: लोह आणि तांबं, तेही अगदी लेशमात्र. त्यांच्या मदतीने ऑक्सिजन टॅनिनसारख्या द्रव्यांकडून हायड्रोजन काढून घेतो. त्या द्रव्यांची क्विनोनं होतात, ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड. पुरेसं सल्फाइट शिल्लक असेल तर ते पेरॉक्साइडला तिथेच गिळतं आणि गोष्ट संपते. नसेल तर लोहाशी गाठ पडून पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक जन्मतं, रसायनशास्त्रातल्या सर्वांत आक्रमक कणांपैकी एक. ते समोर येईल त्याला चावतं, आणि वाइनमध्ये पाण्याखालोखाल समोर येतं ते अल्कोहोल. त्याचं असिटाल्डिहाइड होतं. हे असिटाल्डिहाइड दोन हातांचं असल्यासारखं वागतं: एका हाताने टॅनिन धरतं, दुसऱ्याने अँथोसायनिन. दोघांमध्ये दोन कार्बनांचा पूल पडतो. असे रंगीत जोडरेणू सल्फाइटपुढे बरेच टिकून राहतात. काही कालांतराने पुन्हा तुटतात, काही मोठे होऊन तळाशी बसतात. जुन्या बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटलेला काळपट थर म्हणजे हेच, सोबत टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक.

टॅनिनचं काय? मराठीत तुरट ही षड्रसांपैकी एक चव. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो मुख्यतः स्पर्श आहे. लाळेतली प्रथिनं जिभेला वंगण पुरवतात. टॅनिनच्या साखळ्या त्यांना बिलगून त्यांचा साका करतात, वंगण जातं आणि जीभ खरखरीत होते. कच्च्या केळ्याने होते तशीच. वाइन जुनी झाली की हा तुरटपणा मऊ होतो. याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं, की साखळ्या लांबत जातात, जड होतात आणि गाळ होऊन बसतात. हे अर्धंच खरं आहे. मुळात ठरावीक मर्यादेपर्यंत साखळी जितकी लांब तितकी ती अधिक तुरट. शिवाय वाइनच्या आम्लात त्या साखळ्या सतत तुटतात आणि तुटलेली टोकं दुसऱ्याच कुणाला तरी जोडली जातात. ऑक्सिजनमुळे साखळीच्या आतल्या आत टाके पडतात, ती आखडते आणि प्रथिनांना पूर्वीसारखी कवेत घेऊ शकत नाही.

हा ऑक्सिजन येतो कुठून? बूच श्वास घेतं असं म्हणतात. ते अतिशयोक्त आहे. बुचाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे चार कोटी पेशी असतात, प्रत्येकीत हवा. सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचं बूच दाबून अठरा-साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात बसवतात, तेव्हा ती कोंडलेली हवा पहिल्या काही महिन्यांत वाइनमध्ये झिरपते. त्यानंतर येणारा ऑक्सिजन वर्षाला साधारण एखादा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. शिवाय दोन बुचं कधीच सारखी नसतात. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वीस वर्षांनी वेगळ्या लागतात त्या यामुळेच. म्हणून हातावर मोजण्याइतक्या बाटल्या उघडून अवकाशाचा परिणाम सिद्ध होत नाही. फरक बुचाचा असू शकतो, प्रवासातल्या तापमानाचाही.

तसाच आणखी एक समज: चंद्र अमुक राशीत असला की वाइन खुलते, तमुक राशीत असला की मिटते. अशी पंचांगं छापली जातात आणि काही विक्रेते चाखण्याचे दिवस त्यावरून ठरवतात. न्यूझीलंडच्या पिनो न्वार वाइन घेऊन याची रीतसर परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये छापले गेले. जाणकारांना दिवस आणि वाइन दोन्ही न सांगता चाखायला दिलं. चंद्राचा काहीही संबंध दिसला नाही. लाल वाइनमधल्या रेझ्व्हेराट्रॉल या द्रव्यामुळे हृदय ठणठणीत राहतं हा दावाही सोडून द्यावा. ते इतकं अल्प असतं की औषध म्हणून त्याला अर्थ नाही, आणि अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे पक्कं ठाऊक आहे. प्यायची तर चवीसाठी, थोडी.

साठवणीत सर्वांत महत्त्वाचं तापमान. बारा ते चौदा अंश सेल्सियस, आणि वर्षभर तेच. उष्णतेने मुरणं फक्त वेगाने होत असतं तर ऊन दाखवून पंचवीस वर्षांचं काम सहा महिन्यांत उरकता आलं असतं. पण प्रत्येक अभिक्रियेला उष्णता सारखीच फळत नाही. काही दुप्पट वेगाने धावतात, काही चौपट, आणि पूल बांधणाऱ्यांआधी बिघडवणाऱ्या पुढे निघून जातात. दुसरं संकट चढउताराचं. दहा अंशांनी तापली की 750 मिलिलिटर वाइन सुमारे दोन मिलिलिटरनी फुगते. बुचाखालची हवा दाबली जाते, थोडी वाइन कडेने वर चढते; थंड झाली की तेवढी हवा आत ओढली जाते. असे काही उन्हाळे गेले की पातळी गळ्यातून खांद्यावर उतरते. जुनी बाटली घेणारे आधी पातळी बघतात ते यासाठी. अंधार हवा, दमट हवा हवी, म्हणजे बूच बाहेरून वाळत नाही.

एवढं सांभाळलं की वास बदलतो. ताज्या फळांचा वास देणारी काही इस्टरं पाण्याशी अभिक्रिया होऊन विरतात. गंधकाचं डायमिथाइल सल्फाइड हळूहळू मोकळं होतं आणि पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याची, भूछत्रांची आठवण करून देतं. मुरलेल्या बोर्दोत पुदिन्यासारखी थंड छटा येते. बोर्दोतल्याच संशोधकांना त्यामागे पिपेरिटोन हे द्रव्य सापडलं.

उघडण्याच्या एक-दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा. बूच जुनं, ठिसूळ असतं; हळू काढा. गळ्यामागे दिवा धरून एका संथ धारेत काचेच्या सुरईत ओता, मध्ये थांबू नका, नाहीतर गाळ हिंदकळतो. खांद्याशी काळी रेघ सरकताना दिसली की हात आवरा. नव्या, आडमुठ्या वाइनला सुरईत तासन्‌तास हवा दिली तरी चालते, जुनीला नाही. हिशेब करून बघा: सामान्य तापमानाला एक बाटली वाइन पोटभर हवा खाऊन सुमारे सहा मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळवते. बुचातून इतका यायला निदान सहा वर्षं लागली असती, आणि तो झेलणारं सल्फाइट आता जवळपास संपलेलं आहे. म्हणून सोळा-अठरा अंशांवर, ओतल्या ओतल्या ग्लास नाकाशी न्यावा. पहिल्या दहा मिनिटांत पालापाचोळा, मग पुदिना, मग कुठूनतरी सुकलेल्या बेरीचा गोडवा. तासाभरात नुसता आंबटपणा उरलेल्या बाटल्याही मी पाहिल्या आहेत.