स्पीड टेस्ट चांगली, तरी कनेक्शन का तोडलं?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत नुकतंच तीन घरांनी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट काढून फायबर घेतलं. शेजारच्या काकूंची तक्रार एवढीच होती की पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल लावला की तो मध्येच थिजतो. कंपनीचा माणूस यायचा, स्पीड टेस्ट लावून १६ एमबीपीएसचा आकडा दाखवायचा आणि जायचा. आकडा खरा होता, काकूंचा वैतागही खरा होता.

एमबीपीएस सांगतं ते सेकंदाला किती डेटा जातो एवढंच. माणसाला जाणवतो तो खोळंबा. दाबल्यापासून ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. सेकंद उलटला की विचारांची साखळी तुटते. अंतराचा दोष यात फारसा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नाशिकहून मुंबईला पोचायला त्याला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो.

खोळंबा बहुतेकदा घरातच होतो, राउटरच्या आत. बाहेर जाणारी डेटाची पाकिटं तिथल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या मेमरीत, रांग लावतात. पाठवणारं यंत्र वेग वाढवत राहतं. पाकीट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून वेग उतरवतं. १९८६ मध्ये इंटरनेट गर्दीने ठप्प होऊ लागलं, त्यानंतर १९८८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी मांडलेली ही युक्ती. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उत्पादकांनी बफर मोठे केले. आता पाकीट लवकर हरवतच नाही, नुसतं ताटकळतं. पाठवणाऱ्याला गर्दीची खबर वेळेवर लागत नाही, तो आणखी ओतत राहतो. द्वारका चौकात पुढे कोंडी झालेली असताना मागून गाड्या येतच राहाव्यात, तसं.

हिशेब पाहा. बफर २५६ किलोबाइटचा, म्हणजे सुमारे २० लाख बिट. तांब्याच्या जुन्या जोडणीत अपलोड साधारण १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० लाख बिट. काकांच्या मोबाइलवरून त्र्यंबकच्या सहलीचे फोटो क्लाउडवर चढू लागले की ही रांग भरते आणि शेवटच्या पाकिटाला २ सेकंद थांबावं लागतं. डाउनलोडच्या पोचपावत्याही याच रांगेत उभ्या असतात, म्हणून खाली येणारा डेटाही अडखळतो. अपलोडलाही १०० एमबीपीएस देणाऱ्या फायबरवर तीच रांग २० मिलिसेकंदांत रिकामी होते. घर शांत असताना घेतलेल्या साध्या टेस्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

मोबाइलवरची ‘नेट बूस्टर’ अ‍ॅपं ही निव्वळ फसवणूक आहे. राउटरमधली रांग त्यांच्या हातात नसतेच. खरा इलाज २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी दिला, ‘कोडेल’ नावाचा, रांग सांभाळणारा प्रोग्रॅम. रांग किती लांब आहे हे तो पाहत नाही, पाकीट किती वेळ थांबलं ते पाहतो. हा वेळ १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर तो मुद्दाम एखादं पाकीट टाकून देतो. पाठवणारा लगेच सावरतो.

काही राउटरमध्ये ही सोय ‘एसक्यूएम’ (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) नावाने असते. कनेक्शन बदलण्याआधी एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग, म्हणजे एक छोटं पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजा. शांत घरातलं २० मिलिसेकंदांचं पिंग तेव्हा हजारावर गेलं, तर दुखणं रांगेचं आहे.