डोल मासेमारी

समुद्रतळात खुंट रोवून त्यांना नरसाळ्यासारखे लांब जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने आत शिरलेली मासळी काढून घ्यायची, ही उत्तर कोकणातील कोळ्यांची जुनी पद्धत म्हणजे डोल मासेमारी. जाळ्यालाही डोलच म्हणतात. वसईकडचे अर्णाळा, भाईंदरजवळचे उत्तन, मुंबईतील वेसावे (वर्सोवा) आणि उरणजवळचे करंजे ही तिची परिचित गावे. गुजरातेत जाफराबाद आणि नवाबंदर येथेही डोल चालते.

ही पद्धत नेमकी याच पट्ट्यात का रुजली, याचे उत्तर पाण्यात आहे. मुंबईच्या समुद्रात उधाणाची भरती साडेचार मीटरांच्या वर जाते आणि पाण्याला जबर ओढ असते. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी, म्हणून तिकडे किनाऱ्यावरून ओढायची रापण चालत आली. डोल मासळीचा पाठलाग करत नाही. ती एका जागी तोंड उघडून थांबते आणि पाणीच मासळी घेऊन येते.

जाळ्याच्या तोंडाकडचे आस (विणीतली भोके) मोठे असतात आणि ते शेपटाकडे लहान होत जातात. शेवटच्या बारीक विणीच्या भागाला खोला म्हणतात. मासळी तिथे साठते. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत आणि कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. नायलॉन आल्यावर ते काम संपले. बोंबील हे डोलीचे मुख्य म्हावरे. त्याच्याबरोबर जवळा, करंदी, मांदेली, ढोमा आणि वाकटीही येतात.

पाण्याची ओढ थंडावते तेवढ्या वेळातच जाळे लावावे किंवा उचलावे लागते. त्यामुळे डोलीच्या गावाचा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर चालतो. हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तशी नाखवा (नौकेचा मालक), तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्या निघण्याची वेळही सरकते. कधी पहाट, कधी मध्यरात्र. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मंदावते आणि जाळी दुरुस्त करायला सवड मिळते. पंचांग पाठ असलेला माणूस अनेक समाजांत सापडेल, पण इथे पंचांग चुकले तर जाळे रिकामे येते.

समुद्रात खुंट रोवलेल्या जागेला कव म्हणतात. किनाऱ्यावरच्या शेताला बांध असतो, कवेला तो नसतो. तरीही कोणती कव कोणाची हे गावाला ठाऊक असते आणि हा हक्क परंपरेने पुढच्या पिढीकडे जातो. जीपीएस येण्यापूर्वी कव शोधायची ती जमिनीवरच्या खुणांवरून : डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की जागा सापडली. इंजिनांमुळे नौका दूर जाऊ लागल्या, तसे कवी मारण्यावरून, म्हणजे खुंट रोवण्यावरून, गावागावांत तंटेही वाढले. वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला वाद त्यांपैकीच एक. कोळीवाड्याचा वारसा म्हटले की लुगडे, दागिने, नाच यांचीच चित्रे पुढे येतात. पाण्याखालची ही अलिखित वाटणी त्याहून मोलाची ठेव आहे, पण ती दिसत नसल्याने तिची कदर होत नाही.

नौका बंदराला लागली की पुढचे काम बहुतांशी बायकांच्या हाती जाते. म्हावरे निवडणे, पाट्या भरणे, बाजारात भाव करणे आणि उरलेले सुकवणे ही कामे त्या करतात. घरातला पैसाही बहुधा त्यांच्याच हातून फिरतो. बोंबलाच्या वजनात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. बर्फाशिवाय तो टिकत नाही, म्हणून सुकवणे ही या मासेमारीची दुसरी अर्धी बाजू ठरली. किनाऱ्यावर बांबूंची वलांडी उभारून तिला दोर बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरावर टांगतात. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असल्याने गाठ मारावी लागत नाही. मीठही लागत नाही. कोरडे ऊन आणि वारा पुरतो. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळवतात. ही सुकी मासळी मुंबईतील मरोळसारख्या बाजारांतून घाटावर जाते, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या घरांतही पावसाळ्यात बोंबलाचे कालवण शिजते.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि हंगाम मनाने तेव्हा सुरू होतो. एकवीरा आईचा कार्ल्याचा डोंगर समुद्रापासून दूर, घाटात आहे, तरी चैत्राच्या यात्रेला कोळीवाडे तिथे लोटतात.

खोल्याच्या बारीक विणीत लहान पिल्लेही अडकतात, हा डोलीवरचा आक्षेप खरा आहे आणि अनेक मच्छीमारही तो मान्य करतात. बाकीची संकटे मात्र बाहेरून आली आहेत. अवकाळी पावसाची एक सर आली की वलांडीवरचा सगळा माल काळा पडतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्याही मोडल्या. २०११च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची वेगळी नोंद घेतली, पण सीमांकन करताना घरांबरोबर वलांडीची, जाळी पसरण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची जागाही मोजावी, अशी मच्छीमारांची मागणी आहे.