विकासाची बातमी, सरकारचा छापखाना

सिन्नर, येवला, नांदगावकडच्या बंधाऱ्याची बातमी दोनदा लिहिता येते. एकदा भूमिपूजनाला, एकदा मे महिन्यात टँकर सुरू झाल्यावर. नाशिकच्या बातमीदाराला पहिली प्रेसनोटमधून आयती मिळते, दुसरीसाठी एसटी पकडावी लागते. 'विकास पत्रकारिता' हा शब्द रुळला तो या दुसऱ्या बातमीसाठी.

1967 मध्ये मनिलात प्रेस फाउंडेशन ऑफ एशिया सुरू झाली आणि अ‍ॅलन चॉकली, हुआन मर्काडो यांच्यासारख्या पत्रकारांनी ही कल्पना पुढे नेली. नंतर नरिंदर अगरवाला यांनी कसोटी मांडली: योजना लोकांच्या गरजेची आहे का, ठरलं काय आणि झालं काय, अधिकारी सांगतात तो परिणाम गावाला दिसतो का? आपल्याकडे बी. जी. वर्गीस यांनी 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये 1969 पासून छातेरा या एकाच गावावर सदर चालवलं. ते दैनिक खासगी मालकीचं होतं. तरीही 1975 मध्ये सरकारवरच्या टीकेपायी वर्गीस यांचं संपादकपद गेलंच.

नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांतल्या सरकारांनी शब्द उचलला, कसोटी मात्र मागेच ठेवली. टांझानियात 1970 मध्ये राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 'द स्टँडर्ड' हे दैनिक ताब्यात घेतलं, तेव्हा पत्राला सरकारवर टीका करायची मुभा राहील अशी लेखी ग्वाही दिली होती. 1971 मध्ये सुदानचे राष्ट्राध्यक्ष नुमेरी यांच्यावर टीका करणारा अग्रलेख आला आणि संपादक फ्रेने जिनवाला यांना जावं लागलं. टीका तीही दुसऱ्याच देशाच्या राज्यकर्त्यावर!

इथिओपियाचं 'अदिस झेमेन' 1941 पासूनचं सरकारी वृत्तपत्र. तिथे तर 2000 नंतर विकास पत्रकारिता हे सरकारचं धोरणच झालं. अशा दैनिकांत पेच साधा असतो: पगार देणारा, माहिती देणारा आणि ज्याचं काम तपासायचं तो, तिघे एकच. मग बातमीत मंत्री बोलतो, शेतकरी फोटोत उभा राहतो.

महाराष्ट्रात सरकारी दैनिक नाही. 'लोकराज्य' मासिक आहे, पण ते सरकारचं आहे हे कुणापासून लपलेलं नाही. खासगी दैनिकांना सरकारी जाहिराती लागतात, ही गोष्ट वेगळी आणि मोठी.

जलयुक्त शिवारवर सुमारे 9,634 कोटी खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगने नोंदवलं. तो अहवाल आला 2020 मध्ये. अगरवालांचा तिसरा प्रश्न तोच होता.