सेप्सिसोत्तर शारीरिक पुनर्वसन

सेप्सिसमधून वाचलेल्या रुग्णाची ताकद, तोल, दम आणि स्वतःची कामे स्वतः करण्याची क्षमता परत मिळवून देणारे उपचार. यात फिजिओथेरपी मुख्य असते. आहार, गिळण्याचे व्यायाम आणि मनाला सावरणे हेही त्याच्याच जोडीला येते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. म्हणजे वाचणारे पुष्कळ असतात. पण वाचलेला माणूस घरी गेल्यावर चालतो का, मोरीपर्यंत एकटा जातो का, याची विचारपूस फार कमी होते. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेहींच्या पायाची चिघळलेली जखम ही सेप्सिसची नेहमीची कारणे. गोव्यात पावसाळ्यात त्यात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या संसर्गाची, भर पडते. भातशेतीच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्याला त्याचा धोका अधिक, आणि ज्याचे घर अंगमेहनतीवर चालते त्यालाच या आजारानंतरची अशक्तता सर्वांत महाग पडते.

ही अशक्तता साध्या तापानंतरच्या थकव्याहून वेगळी असते. दाह, अंथरुणाला खिळून राहणे आणि अपुरे पोषण यांमुळे स्नायू झपाट्याने झिजतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे छेदक्षेत्र (आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) १० दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. अनेक अवयव निकामी झालेल्यांमध्ये ही घट आणखी मोठी होती. काहींच्या नसांनाही इजा होते. ताकद मोजताना खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या ठरावीक हालचालींना दोन्ही बाजूंनी ० ते ५ गुण देतात. ६० पैकी ४८ पेक्षा कमी गुण म्हणजे लक्षणीय अशक्तता. विसराळूपणा, भयस्वप्ने, केस गळणे, सांधे आखडणे यांतलेही काही ना काही मागे राहू शकते.

पुनर्वसनाची सुरुवात आयसीयूतच होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांची हालचाल लवकर सुरू केली, तेव्हा त्यांतील ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. २०२२ सालच्या एका मोठ्या चाचणीत मात्र नेहमीपेक्षा जास्त हालचाल करवून अधिक फायदा झाला नाही, उलट त्रासदायक घटना वाढल्या. तेव्हा लवकर, पण मापून, हेच धोरण योग्य ठरते.

पहिली मोठी पायरी म्हणजे खाटेच्या कडेला बसणे. रुग्णाला कुशीवर वळवतात, पाय खाली सोडतात आणि पाठीला हात देऊन हळूच उठवतात. डोळ्यांपुढे अंधारी येते का, ओठ पांढरे पडतात का, मॉनिटरवर रक्तदाब उतरतो का, यावर फिजिओची नजर असते. मान धरता येणे, तळवे जमिनीला टेकवता येणे ही त्या दिवसाची कमाई. पुढे उभे राहणे, वॉकर, मग वॉर्डातून चार पावले.

घरी सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणे-बसणे. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, अंग पुढे झुकवून उठायचे. बसताना धपकन न बसता सावकाश. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवतात आणि जमू लागले की ती काढतात. व्यायाम करताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत, इतपतच दम लागू द्यावा. एक दिवस बरा गेला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. आदल्या दिवसाचा थकवा सकाळी तसाच असेल तर व्यायाम कमी करावा. ‘आई, तू उठू नको, मी आणून देतो,’ हे मायेचे बोल असतात, पण रोजची उठबस त्यामुळेच बंद पडते. ताटापर्यंत आईला चालत येऊ द्यावे, आपण शेजारी राहावे.

गावच्या जुन्या घरांत चिऱ्याच्या उंच पायऱ्या, अंगणातले शेवाळ आणि घराबाहेरची न्हाणी हे मोठे अडथळे. पायरीला कठडा, न्हाणीत खरखरीत फरशी आणि बसायला स्टूल एवढे रुग्ण घरी येण्याआधीच करून घ्यावे. पेज पचायला हलकी, पण नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. जोडीला मासे, अंडी, मूग, कुळीथ लागतात. मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी.

गोव्यात गंभीर रुग्णांचा ओढा बांबोळीच्या गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, असतो. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा या महाविद्यालयाला आहे. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून, धड उभेही राहता न येणाऱ्या माणसाला वारंवार बांबोळीला आणणे घरच्यांना झेपत नाही. म्हणून व्यायाम घरच्या माणसाला वॉर्डातच करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि पुढची तपासणी जवळच्या रुग्णालयात ठरवून देणे गरजेचे असते. सेप्सिसविषयीच्या २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ४८ तासांहून अधिक व्हेंटिलेटरवर किंवा ७२ तासांहून अधिक आयसीयूत राहिलेल्यांना पुनर्वसनासाठी पाठवण्याची शिफारस केली आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘सेप्सिस’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्यावा, कारण अशा रुग्णांना पुन्हा संसर्ग होण्याचा धोका जास्त असतो. हुडहुडी भरून ताप, धाप, बरळणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर व्यायाम तिथेच थांबवून १०८ला फोन करावा आणि ते कार्ड सोबत न्यावे.