त्रेपन्न सांगितलं, तिने पस्तीस लिहिलं

शेजारची दुसरीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे येते. परवा मी आकडे सांगत होते, ती लिहीत होती. ‘त्रेपन्न’ म्हटलं, तिने ३५ लिहिलं. ‘एकोणसत्तर’ म्हटलं, ७९ लिहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा हात खोडरबराकडे गेला. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं. काहीतरी चुकलंय, एवढं माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

खरं तर तिने ऐकलं तेच लिहिलं होतं. ‘त्रेपन्न’मध्ये आधी तीन येतात, मग पन्नास. डावीकडून लिहिणाऱ्या मुलाने आधी ३ आणि मग ५ लिहिले तर त्याचा कान तीक्ष्ण आहे असंच म्हणायला हवं. ‘एकोणसत्तर’ तर त्याहून वाईट: शब्दात सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे असतात साठातले. शिवाय हा तीन एका रूपात राहतो तर बरं. तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर! पन्नाशीत बावन्नला ‘वन्न’, तर त्रेपन्नला ‘पन्न’. आपल्याला शंभरपर्यंतची नावं पाठ आहेत म्हणून हे जाणवत नाही, पण लहान मुलाला ही जवळजवळ शंभर वेगळी नावं आहेत.

सोलापूर-अक्कलकोटकडे ज्या घरांत कन्नड बोलतात, तिथल्या मुलाला हा त्रास कमी. एकवीसला तो ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, म्हणजे वीस आणि एक. त्रेपन्न म्हणजे ‘ऐवत्तमूरु’, पन्नास-तीन. जसं बोलायचं तसं लिहायचं. चिनी भाषेतही अकरा म्हणजे ‘दहा-एक’. १९९५ साली केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना केली. दहापर्यंत मोजण्यात दोघांत फरक नव्हता, तो पडला दहाच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वाकडी होतात. इंग्रजीची वाकडी वाट एकोणीसलाच संपते. आपली नव्याण्णवपर्यंत चालते.

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ही आलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलं अडखळतात, तेव्हा जुनी नावं ठेवून सोपा पर्यायही द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यावर जो गदारोळ झाला तो विधिमंडळापर्यंत गेला आणि थट्टाही भरपूर झाली. नॉर्वेने मात्र १९५१ साली शाळेत आणि टेलिफोन सेवेत हा क्रम सरळ फिरवून टाकला, ‘तीन आणि वीस’चं ‘वीस-तीन’ केलं. तरी तिथली म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं जुनंच बोलत राहिली. मला स्वतःला ‘त्रेपन्न’ सोडवणार नाही. पण पहिले काही महिने मुलाला ‘पन्नास तीन म्हणजेच त्रेपन्न’ असं जोडीने सांगितलं तर मराठीचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता गणिताच्या भीतीकडे येऊ. मनातल्या मनात ५२ मधून ३८ वजा करून बघा. दोन्ही संख्या धरून ठेवायच्या, दोनातून आठ जात नाहीत हे बघायचं, दशक मोडायचा, मोडलेला लक्षात ठेवायचा. हे सगळं मेंदूच्या ज्या छोट्याशा ओट्यावर मांडून ठेवलेलं असतं, त्याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ओटा लहान, भांडी फार. २००१ साली मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवून बेरजा करायला सांगितल्या. गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका वाढल्या, आणि त्या मुख्यतः हातच्याच्या बेरजांत. ‘चुकलं तर काय म्हणतील’ हा विचारही त्याच ओट्यावर जागा अडवून बसतो. पहिली-दुसरीच्या मुलांवर २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात तर ज्यांची कार्यस्मृती चांगली, त्यांच्यावरच भीतीचा परिणाम अधिक दिसला. त्यांचा सगळा कारभार त्या ओट्यावरच चालतो ना! म्हणजे ‘घाबरतो तो मठ्ठच’ हे आपलं लाडकं अनुमान उलटंच निघालं.

भीती नसते तेव्हा काय होतं, ते ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या बाजारात दिसलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास फक्त पाच मुलांवरचा आहे, पण मला तो विसरता येत नाही. एका नारळाला ३५, दहाचे किती? नारळवाला बारा वर्षांचा. तीनचे १०५, आणखी तीन, २१०, अजून चार हवेत, असं जोडत जोडत तो ३५० ला पोचला. दहाने गुणताना शून्य लावायचं, हे त्याने वापरलंच नाही. या मुलांची गाड्यावरची ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. नुसती आकडेमोड म्हणून तशीच गणितं दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. मुलं तीच. गाड्यावर आकड्याला अर्थ होता आणि गिऱ्हाईक ‘चूक की बरोबर’ असा शेरा मारत नव्हतं.

आमच्या या शेजारच्या मुलीनेही ५२ वजा ३८ चं उत्तर २६ काढलं होतं. मी ‘कसं केलंस?’ विचारलं. ‘मोठ्यातून लहान काढायचं ना, आठातून दोन सहा, पाचातून तीन दोन.’ कुणीतरी शिकवलेला नियम तिने इमानाने पाळला होता. मी पाकिटातून दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये काढून तिला दिले. म्हटलं, मला अडतीस दे. तीन नोटा तिने लगेच दिल्या. मग दोन नाणी हातात धरून थांबली. मी गप्प राहिले. हे गप्प राहणं मला अजून नीट जमत नाही. शेवटी म्हणाली, ‘एक नोट मोडायला लागेल.’

झालं. बाई ज्याला ‘हातचा घेणं’ म्हणतात ते हेच, असं मी सांगितलं तर ‘असं होय!’ म्हणून तिने वहीत १४ लिहिले, यावेळी माझ्याकडे न बघता.

तिच्या आईला मात्र हे सगळं ऐकताना घाम फुटतो. ‘माझं गणित पहिल्यापासून कच्चं,’ असं ती मुलीसमोरच म्हणते. अमेरिकेत २०१५ साली असं दिसलं, की गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठ घ्यायला बसले तर वर्षअखेर मुलांची प्रगती कमी आणि धास्ती जास्त होती. मी तिला एवढंच सांगितलं, की गृहपाठ माझ्याकडे राहू दे, तू डबे भरताना पोळ्या मोजायला लाव.

काल आम्ही सगळी ‘एकोण’ लिहून काढली. एकोणीस, एकोणतीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. मग ती थांबली. ‘मावशी, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?’