रनिंग शूजची निवड आणि पायाची नैसर्गिक हालचाल

रनिंग शूज निवडायचं शास्त्र म्हणजे पाऊल जमिनीला कसं टेकतं, टेकल्यावर कुठे झुकतं, परत कसं उचललं जातं याचा अभ्यास, आणि या सगळ्यात बूट मदत करतो की नुसती लुडबुड करतो याची तपासणी. गोव्यात मिरामार-दोनापावला रस्त्यावर किंवा फातोर्ड्याला पहाटे धावणारे आता भरपूर दिसतात, वास्कोजवळ चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉन होते, त्यामुळे बूट घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेट किती आणि दुसरा प्रश्न पाय फ्लॅट आहेत का, हे ठरलेलंच. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला तितकासा अर्थ नाही असं आता बरंच संशोधन सांगतंय.

आधी पाय बघू. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, वर शंभरापेक्षा जास्त स्नायू, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या शिरा (टेंडन) आणि हाडांना हाडं बांधणारे लिगामेंट. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. टाचेवर पडणाऱ्या माणसाची टाच बहुतेक वेळा बाहेरच्या कडेने टेकते, मग पाऊल आतल्या बाजूला झुकतं, कमान जराशी खाली बसते आणि धक्का पसरतो, यालाच प्रोनेशन म्हणतात. हा दोष नाही, पायाचं कामच ते आहे. पुढे चवड्यावर जोर आला आणि अंगठा वर वाकला की तळपायाखालचा जाड पट्टा ताणला जातो, कमान उचलते आणि मघाशी सैल असलेलं पाऊल कडक होऊन ढकलायला तयार होतं. बघायचं असेल तर आपण उभं राहायचं आणि दुसऱ्या कोणाला आपल्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगायचं, कमान लगेच वर येताना दिसते. ही यंत्रणा हिक्स या संशोधकांनी १९५४ मध्ये मांडली.

१९७० च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली, इव्हीए नावाच्या फोमचे मऊ मिडसोल (सोलचा मधला थर) आले आणि त्याच्या मागोमाग पाय जास्त आत झुकतो म्हणून गुडघे दुखतात ही समजूत पसरली. मग न्यूट्रल (झुकणं न अडवणारे), स्टॅबिलिटी (थोडं अडवणारे), मोशन कंट्रोल (जास्त अडवणारे) असे बुटांचे तीन कप्पे झाले. ओला पाय फरशीवर टेकवायचा, ठशावरून कमान किती उंच ते बघायचं, त्यावरून कप्पा ठरवायचा. आतल्या कडेला करड्या रंगाचा जरा कडक फोम दिसला की समजायचं हा स्टॅबिलिटीवाला. पद्धत ऐकायला इतकी पटते की कोणाला शंकाच येत नाही. पण अमेरिकी सैन्यदलांच्या रिक्रुटांवर २००९-१० च्या सुमारास नापिक या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी हेच करून बघितलं, पायाच्या ठशाप्रमाणे बूट वाटले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे दिले, तर दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच तऱ्हेचे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर नजर ठेवली, तिथेही आत झुकणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग यांनी २०१५ मध्ये मग सरळ सांगितलं की प्रत्येक शरीराची हालचालीची आपली एक आवडती वाट असते, ती वाट मोडायला न लावणारा आणि घातल्याबरोबर सुखाचा वाटणारा बूट घ्या.

दुसऱ्या टोकाला अनवाणीवाले. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला हे सगळेच सांगतात, चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून जिंकला आणि वेळही कमी लागला हे मात्र कमी जण सांगतात. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी दाखवलं की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर पडतात आणि टाचेवर बसणारा तो पहिला झटका त्यांना फारसा लागत नाही. झालं, पातळ सोलच्या बुटांचं पीक आलं. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रमला आपल्या दाव्यांवरून कोर्टात जावं लागलं आणि २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. भार काही हवेत जात नाही, गुडघ्यावरचा कमी झाला तर पोटरी आणि टाचेमागच्या जाड शिरेवर (अकिलिस टेंडन) येतो. रिज आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात दहा आठवड्यांत असे बूट वापरायला लागलेल्या बऱ्याच जणांच्या पावलाच्या हाडांत सूज दिसली.

आपल्याकडे अनवाणी चालणं नवीन नाही, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून जातात, पण त्यावरून कोणी डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर अनवाणी धावायला निघू नये. लहान मुलांचं मात्र वेगळं आहे. गोव्याच्या खाली कर्नाटकात मणिपालला राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलं तपासली आणि १९९२ मध्ये छापलं की बूट घालणाऱ्यांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बूट सगळ्यात वाईट, चपला-सँडल त्यामानाने बऱ्या. अनवाणी वाढलेल्या माणसाचा चवडा रुंदही असतो, म्हणून लांबीचा नंबर बरोबर येऊनही करंगळी चेपते. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्यापेक्षा रुंद साचा मागावा. माप संध्याकाळी घ्यावं, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, धावायचे मोजे घालून उभं राहावं आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी.

ड्रॉप म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच, जुन्या पद्धतीच्या बुटांत १० ते १२ मिलिमीटर, काहींत शून्य. उंचावरून एकदम शून्यावर आलात की पोटऱ्या बोंबलतात, तेव्हा हळूहळू. कार्बन प्लेटवाले (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले) जाड बूट रेससाठी, रस्त्यावरच्या स्पर्धेत सोल ४० मिलिमीटरपर्यंतच चालतो, रोजच्या पाच किलोमीटरला त्यावर पैसे घालवणं मला तरी पटत नाही.

गोव्यात जमिनीचा विचार जास्त करावा लागतो. सुक्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू बरी, पण किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो, म्हणून गेलात त्याच पट्ट्यातून परत यायचं म्हणजे दोन्ही पायांची फिटंफाट. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जांभ्यावर कुठलाच सोल भरवशाचा नाही, तिथे धावायचं नाही, चालत जायचं.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही बाद होतो, दोन पावसाळे कपाटात पडलेली जोडी बाहेर काढली की सोलचा भुगा हातात येतो, कारण हा फोम ओलाव्याने फुटतो; इव्हीएला हा त्रास नाही. भिजलेल्या बुटांचे इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे, ते ओले झाले की बदलावे आणि बूट पंख्याखाली ठेवावेत, कडक उन्हात किंवा गॅसजवळ नाही, गम सुटतो. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर सुकायला वेळ मिळतो, शिवाय लक्झेंबर्गच्या एका अभ्यासात एकापेक्षा जास्त जोड्या वापरणाऱ्यांना दुखापतीही कमी झालेल्या दिसल्या.