हृदय पुनर्वसन (ज्येष्ठांसाठी व्यायामोपचार)

हृदय पुनर्वसन : हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर अथवा बायपास, अँजिओप्लास्टी किंवा झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाची शारीरिक ताकद देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने परत आणण्यासाठी दिला जाणारा व्यायामोपचार. आहार, औषधे, तंबाखू सोडवणे आणि मनाला धीर देणे हीही त्याची अंगे होत. येथे मुख्यतः साठीपुढील रुग्णांच्या व्यायामाचा विचार केला आहे.

या उपचाराचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने छातीतील कळेचे वर्णन 1768 मध्ये वाचले व ते 1772 मध्ये छापले गेले. रोज अर्धा तास लाकूड करवतणारा एक रुग्ण जवळजवळ बरा झाला, ही त्याची नोंद बहुतेक लेखक 1772 ची म्हणून देतात. तथापि ती हेबर्डनच्या मृत्यूनंतर, 1802 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. तेच वर्ष धरणे अधिक सावधपणाचे होईल. शिवाय एका रुग्णाच्या अनुभवाला उपचारपद्धती म्हणता येत नाही. काही अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत मॅक्स अर्टेलने सुरू केलेल्या, चढणीवर मोजून चालण्याच्या उपचाराला अग्रमान देतात. त्यानंतरही हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे सहा आठवडे अंथरुणावर ठेवण्याचा प्रघात टिकला. लेव्हाइन व लॉन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी 1952 मध्ये रुग्णांना खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. आधुनिक पद्धतीची सुरुवात येथून मानणे सयुक्तिक वाटते.

अंथरूण किती महाग पडते हे अमेरिकेतील डॅलस येथील प्रयोगात दिसले. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पडून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली (1968). तीस वर्षांनी त्याच पाच जणांची तपासणी झाली. वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी भरली. सत्तरीतल्या माणसाच्या अंगी मुळातच शिल्लक थोडी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘आता फक्त आराम करा’ हा आप्तांचा प्रेमळ सल्ला किती घातक ठरतो ते कळते.

व्यायामाची मात्रा ठरवण्यासाठी सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते पाहतात. बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे नाडी दबलेली राहते, म्हणून केवळ ठोक्यांवर विसंबता येत नाही. श्रमांची जाणीव मोजण्यासाठी बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेल्या 6 ते 20 अंकांच्या पट्टीवर रुग्ण स्वतःचे श्रम सांगतो; 11 ते 13 ही मध्यम श्रमांची मर्यादा. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही तिची सोपी खूण. छातीचे हाड कापले असल्यास ते सांधेपर्यंत, साधारणतः सहा ते बारा आठवडे, जड उचलणे व जोराने ढकलणे टाळतात. ज्येष्ठांना चालण्याच्या जोडीला तोल आणि पायांची ताकद यांचे व्यायाम लागतात; पडण्याची भीती गेल्याशिवाय चालणे वाढत नाही. छातीत दुखणे, घेरी किंवा अवेळी धाप लागल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

कोल्हापुरात व्यायाम हा शब्द तालमीच्या लाल मातीतून आलेला आहे. मोतीबाग, गंगावेश यांसारख्या तालमी आणि खासबाग मैदान यांच्या या शहरात घाम गाळून जोर-बैठका मारल्याशिवाय व्यायाम झाला असे जुन्या पिढीला वाटतच नाही. ही आवड मोलाची आहे, मात्र श्वास कोंडून मारलेला जोर रक्तदाब एकदम चढवतो. म्हणून एकेकाळच्या पैलवानालाही आधी उठता-बसता श्वास सोडायला शिकवावे लागते. रंकाळ्याकाठचे सपाट फिरणे सुरुवातीला सोयीचे. पन्हाळ्याची चढण फार पुढची. पावसाळ्यात निसरड्या वाटेऐवजी घरातल्या सोप्यात फेऱ्या घालणे योग्य.

योगाधारित पुनर्वसनाची भारतात 24 केंद्रांवर, 3,959 रुग्णांवर चाचणी झाली (2020). मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वतःच्या प्रकृतीविषयीचे रुग्णांचे मत मात्र सुधारले आणि पूर्वीची कामे पुन्हा करणे सोपे गेले.

स्त्रियांचा सहभाग जगभर पुरुषांहून कमी आहे. घरकामातच व्यायाम होतो हा समज येथेही ऐकू येतो. पण तुकड्यातुकड्यांनी झालेले ते श्रम मोजता येत नाहीत आणि हळूहळू वाढवताही येत नाहीत.